पाण्याकाठचा पहिला मुक्काम : नागपूरजवळच्या तलाव-नद्यांकाठी तंबू किंवा कॅराव्हॅन घेऊन जाणाऱ्या नवोदितांसाठी

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागून कन्हानचा पूल ओलांडला आणि मनसर मागे टाकले की सपाट शेतांच्या टोकाला सातपुड्याच्या टेकड्या दिसू लागतात. कन्हान आणि पेंच या दोन्ही नद्या छिंदवाडा जिल्ह्यातील डोंगरांतून उतरून आपल्याकडे येतात. त्यांच्या काठांवर आणि रामटेक-पारशिवनी परिसरातील तलावांजवळ तंबू ठोकून एखादी रात्र काढण्याची हौस अलीकडे बऱ्याच कुटुंबांत दिसते. ही हौस पहिल्याच खेपेला विरू नये, यासाठी हा लेख आहे. नवख्या माणसाच्या बहुतेक चुका सामानात होत नाहीत, त्या जागेच्या निवडीत होतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे सामानाविषयी मी थोडक्यात लिहिले आहे आणि जागेविषयी सविस्तर.

जमीन कोणाची आहे, हे आधी ठरवा

पाण्याकाठची मोकळी दिसणारी जमीन सहसा कोणाची तरी असते. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, म्हणजे तोतलाडोह धरणाचा जलाशय आणि त्याभोवतीच्या जंगलात, आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरण्यासाठीसुद्धा परवानगी लागते, आणि तेथे आग लावणे हा गुन्हा आहे. सिल्लारी, कोलितमारा, चोरबाहुली या बाजूंना राहायचे असेल, तर वन विभागाच्या किंवा अधिकृत निवासांच्या आवारातच आरक्षण करून राहावे. धरणांची भिंत, कालवे आणि बुडीत क्षेत्र पाटबंधारे खात्याच्या ताब्यात असते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीनही याच बुडीत क्षेत्रात मोडते आणि पुष्कळ ठिकाणी ती गाळपेरीसाठी शेतकऱ्यांना दिलेली असते. तुम्हाला पडीक वाटणाऱ्या त्या तुकड्यात कोणाचे तरी टरबुजाचे वेल नुकतेच रुजलेले असू शकतात.

म्हणून पहिल्या मुक्कामासाठी दोनच पर्याय योग्य आहेत. एक म्हणजे रीतसर चालणारे कॅम्प किंवा निवास. तेथे संडास, पिण्याचे पाणी आणि रात्री हाक मारल्यावर येणारा माणूस असतो. दुसरा पर्याय ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेताचा. शेत निवडलेत तर मालकाची परवानगी घ्यावीच, शिवाय गावच्या पोलीस पाटलांनाही आपण किती जण आहोत आणि कधी निघणार आहोत, हे सांगून ठेवावे. रात्री शेतात अनोळखी उजेड दिसला की गावकरी काठ्या घेऊन बघायला येतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

केव्हा जावे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात नदीकाठ पूर्णपणे वर्ज्य मानावा, कारण तुमच्या डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही छिंदवाड्याकडे झालेल्या पावसाचे पाणी कन्हानला रात्रीतून येऊन मिळते. ऑक्टोबरमध्ये डास फार असतात आणि गवत उंच व ओले असते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. हा आजार गवता-झुडपांतील अतिशय बारीक किड्यांच्या चाव्याने होतो. त्यामुळे गवत वाळण्याआधी गेलात तर पूर्ण पायघोळ कपडे घालावेत आणि गवतावर थेट बसू नये. परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना गवतात राहिल्याचे आवर्जून सांगावे.

मार्चमध्ये रात्री अजून सुखाच्या असतात, पण दुपारी अकरानंतर तंबूत बसवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत नवख्यांनी, विशेषतः लहान मुले आणि वृद्ध सोबत असताना, हा बेत करूच नये.

तंबू आधी गच्चीवर उभारा

दुकानदार ज्याला तीन माणसांचा तंबू म्हणतो, त्यात दोन माणसे आणि त्यांच्या पिशव्या बसतात, हे धरून खरेदी करावी. तंबू दुहेरी असावा : आत जाळीचा आणि वर पाणी न झिरपणारा. आतल्या भागाच्या तळाला शिवण नसलेले, कडेने वीतभर वर आलेले कापड असले, तर ओल आत येत नाही आणि विंचू-कीटकांना वाट सापडत नाही. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान असावी. ती कडेने बाहेर डोकावत राहिली तर वरून ओघळणारे दव तिच्यावर साचून थेट तुमच्या अंथरुणाखाली येते.

विकत घेतलेला तंबू निघण्याच्या आदल्या रविवारी घराच्या गच्चीवर उभारून पाहावा. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, तेव्हा दोऱ्या विटांना बांधाव्यात, वरून दोन बादल्या पाणी ओतावे आणि आत बसून कोठे थेंब येतो ते पाहावे. ज्यांनी हे एकदा केलेले असते त्यांना जागेवर वीस मिनिटे पुरतात. ज्यांनी केलेले नसते ते अंधारात मोबाइलच्या उजेडात कांड्या जोडत बसतात.

थंडीविषयी नागपूरकरांचा अंदाज हमखास चुकतो. वर्षातले आठ महिने उकाड्याशी झुंजणाऱ्या आपल्यासारख्यांना हिवाळी रात्रीचा खरा कस ठाऊक नसतो. डिसेंबर-जानेवारीत शहरातच पारा दहाच्या खाली उतरतो, मग पाण्याकाठच्या उघड्या सखल जागी तो आणखी खाली असणारच. अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालच्या थराकडे जास्त लक्ष द्यावे, कारण उष्णता जमिनीत निघून जाते. फोमची चटई, तिच्यावर सतरंजी आणि त्यावर गादी किंवा स्लीपिंग बॅग, एवढे हवेच. केवळ हवा भरलेली गादी थंडीत फसवते, कारण तिच्यातली हवाच गार पडते.

जागा : या लेखाचा गाभा

डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुक्कामाच्या ठिकाणी दुपारी तीनपर्यंत पोहोचावे आणि तंबू गाडीतून काढण्याआधी अर्धा तास नुसते हिंडून जागा पाहावी.

प्रत्येक नवख्याला तंबूचे दार उघडताच पायाशी पाणी हवे असते. मलाही तेच हवे होते. रामटेक परिसरातल्या एका तलावाला लागून असलेल्या शेतात, जानेवारी महिन्यात, आम्ही पाण्यापासून दहा पावलांवर तंबू ठोकला. शेतमालक काका म्हणाले, ‘‘वर बांधाजवळ या, खाली गारठा बसते.’’ आम्ही ऐकले नाही. पहाटे चारला तंबूच्या आतल्या कापडावरून पाण्याचे थेंब ओघळत होते, पांघरुणे ओलसर झाली होती आणि धाकटा मुलगा थरथरत होता. उरलेली रात्र आम्ही गाडीत बसून काढली. झाले होते असे की गार हवा जड असल्यामुळे उतारावरून घरंगळत खाली पाण्याच्या काठाशी साचली, पाण्यावरची वाफ तिच्यात मिसळली आणि आमच्या श्वासातला ओलावा बंद तंबूत अडकला. काकांनी दाखवलेली जागा पाण्यापासून शंभरेक पावलांवर आणि दीड पुरुष उंचीवर होती. दुसऱ्या रात्री तेथे झोपलो, तर तंबू जवळपास कोरडा राहिला.

तेव्हापासून मी पाण्याच्या काठापासून किमान साठ मीटर लांब आणि पाणी चढल्याच्या शेवटच्या खुणेपेक्षा पुरुषभर तरी उंच जागा धरतो. ही खूण शोधणे सोपे असते : झुडपांच्या फांद्यांत अडकलेला वाळका कचरा, खडकावरचा पांढरट पट्टा, बुंध्यांवर सुकलेला गाळ. नुसत्या पावसानेच पातळी बदलते असे समजू नये. तोतलाडोहच्या वीजगृहातून सोडलेले पाणी खाली नवेगाव खैरीच्या जलाशयात येते आणि तेथून सिंचनाला व नागपूरला जाते, त्यामुळे भर हिवाळ्यातही या पाण्याची पातळी मागणीप्रमाणे खाली-वर होते. धरणाखालच्या नदीपात्रात, मग ते कितीही रुंद आणि कोरडे दिसो, रात्री झोपू नये. पात्रातल्या रेतीत तंबू ठोकणे हे चित्रात सुरेख दिसते, पण तेथे झोपणाऱ्याला वरचे दरवाजे केव्हा उघडतील हे कळत नाही.

उंची पाहून झाली की वर पाहावे. नदीकाठी अर्जुनाची मोठी झाडे असतात. त्यांच्या वाळक्या फांद्या वाऱ्याशिवायही तुटतात. त्याच झाडांवर, तसेच धरणाच्या भिंतींवर आणि जुन्या देवळांच्या कमानींवर आग्या मोहोळे लटकलेली असतात. मोहोळ दिसले तर त्या भागात चूल पेटवायची नाही, फटाके वाजवायचे नाहीत आणि सरळ दुसरी जागा शोधायची. मोहाची झाडे फुलू लागली की पहाटे त्यांच्याखाली अस्वले येतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली मुक्काम कधीच करू नये.

त्यानंतर पायाखाली पाहावे. आपल्याकडे जमिनीच्या दोन जाती भेटतील. टेकडीच्या पायथ्याशी मुरूम असतो : पाणी झटकन निचरते, पण तंबूबरोबर आलेल्या बारीक खुंट्या त्यात वाकतात, म्हणून जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडी न्यावी. सखल भागात काळी माती असते : खुंटी सहज शिरते आणि तितक्याच सहज निघते. तेथे लांब खुंट्या तिरप्या ठोकून वर दगड ठेवावा. दोन्ही मिळत असतील तर मी बिनदिक्कत मुरूम निवडतो. जनावरांच्या पायवाटा पाण्याकडे जातात. शेण, लेंड्या किंवा खुरांचे ठसे दिसले की ती वाट मोकळी सोडावी, कारण गावच्या गुरांनंतर त्याच वाटेने रानडुकरे आणि इतर प्राणीही येतात. जुन्या मालगुजारी तलावांच्या पाळीवर तंबू ठोकू नये. पाळीत उंदरांची आणि सापांची बिळे असतात, आणि मातीच्या त्या बांधात खुंट्या ठोकणे हे तलावावर अवलंबून असलेल्या गावाच्या दृष्टीनेही बरे नाही.

शेवटी तंबूचे तोंड. हिवाळ्यात पूर्वेची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन थेट पडून दव लवकर सुकते. रात्री थंडीच्या भीतीने सगळ्या खिडक्या बंद करू नयेत. वरचे झरोके समोरासमोर थोडे उघडे राहिले, तरच श्वासाचा ओलावा बाहेर जातो.

कॅराव्हॅन घेऊन जाणाऱ्यांसाठी

कॅराव्हॅन म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि भाड्याने मिळणाऱ्या अशा गाड्यांचे प्रमाण वाढले. तंबूपेक्षा त्यात सोय जास्त, पण जागेची बंधनेही जास्त. सोयीच्या भरवशावर गाडी थेट काठाशी नेण्याचा मोह इथेही सोडावा लागतो.

मोठ्या गाडीसाठी पहिला प्रश्न शेवटच्या दोन किलोमीटरचा असतो. महामार्ग उत्तम आहे, पण गावातून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा, अरुंद वळणे आणि ओढ्यावरचे रपटे असतात. गाडीची उंची आणि वजन कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावे आणि तो पट्टा आधी दुचाकीने किंवा पायी पाहून यावा. काळ्या मातीवर वरून कोरडी खपली असते आणि खाली ओल. तीन-चार टनांची गाडी तिच्यावर रात्रभर उभी राहिली, तर सकाळी चाके रुतलेली सापडतात. मुरमाचा किंवा खडीचा तळ असेल तेथेच उभे राहावे, पुढचे तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवावे आणि चाकांखाली लाकडी ठोकळे लावावेत. गाडी समतल नसेल तर झोप तर लागत नाहीच, शिवाय काही गाड्यांतला गॅसवर चालणारा फ्रीजही नीट काम करत नाही.

शेतातल्या किंवा ढाब्यावरच्या विजेच्या प्लगवर एअर कंडिशनर लावण्याआधी मालकाला विचारावे. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो भार टाकला तर तार तापते. पाणी माणशी रोज वीस लिटर धरले तर काटकसरीने पुरते. सांडपाण्याची टाकी मात्र कोठेही ओतायची नाही, संडासाची तर नाहीच. ती रिकामी करण्याची सोय कोठे आहे, हे भाड्याने देणाऱ्याकडून निघण्याआधी लिहून घ्यावे.

तंबू असो की गाडी, आत शेगडी, कोळसा किंवा जनरेटर चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. ऊब वाटता वाटता माणूस झोपेतच जातो.

चूल आणि जेवण

पहिल्या मुक्कामाला फार स्वयंपाक करू नये, असा सल्ला बरेच जण देतात. मी मात्र वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला रोडग्यांपासून अडवणार नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरून तूप, याला पाण्याकाठी जी चव येते ती घरच्या गॅसवर येत नाही. फक्त निखारे जमिनीवर पसरू नयेत. जुने लोखंडी घमेले तीन दगडांवर ठेवून त्यात विस्तव करावा. तळाचे गवत जळत नाही, राख एका जागी राहते आणि वारा सुटला तर घमेले झाकता येते. फेब्रुवारीच्या मध्यापासून सागाचा पाला गळून रानात सगळीकडे पसरतो आणि वणव्याचा हंगाम सुरू होतो. त्यानंतर उघडा विस्तव टाळून छोट्या सिलिंडरची शेगडीच वापरावी. झाडांची ओली फांदी तोडू नये, वाळके सरपणही रानातून न घेता गावातून विकत घ्यावे.

जेवण झाल्यावर उरलेले अन्न झाकणाच्या डब्यात भरून गाडीत ठेवावे. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको, कारण त्याच्या वासाने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

भांडी तलावात घासू नयेत. पाणी बादलीत काढून, काठापासून लांब नेऊन धुवावीत. नागपूरच्या नळांना पेंच आणि कन्हानचेच पाणी येते, त्यामुळे येथे सोडलेला साबण आणि घाण अखेर आपल्याच घराकडे निघते. शौचाची सोय नसेल तर पाण्यापासून साठ मीटरांहून लांब, वीतभर खोल खड्डा करावा आणि माती ओढून बुजवावा. कागद व पॅड पिशवीत घालून परत आणावेत.

रात्र

सापांविषयी भीती बाळगण्यापेक्षा सवयी पाळाव्यात. आपल्याकडचा मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश फारसा दुखत नाही, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो झोपेत झाल्याचे कळतही नाही. म्हणून उघड्यावर अंथरूण टाकू नये आणि तंबूची चेन प्रत्येक वेळी, एका मिनिटासाठी बाहेर जातानाही, पूर्ण लावावी. बूट आत ठेवावेत व सकाळी झटकून घालावेत. रात्री लघवीला उठल्यास टॉर्च आणि बूट दोन्ही घ्यावेत. पहाटे कोणाच्या पोटात विनाकारण दुखू लागले, पापण्या जड झाल्या किंवा बोलणे अडखळले, तर दंशाची खूण न दिसताही तो सर्पदंश समजून निघावे. घट्ट बांधणे, चिरा देणे, चोखणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यात वेळ घालवू नये. हात-पाय न हलवता माणसाला आडवे ठेवून रामटेकच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, पण मोबाइलला रेंज कोठे येते हे दिवसाउजेडीच पाहून ठेवावे.

वन्यप्राणी दिसल्यास पाठलाग, फोटो आणि टॉर्चचा झोत तिन्ही टाळावे व वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मोठ्या आवाजातील गाणी लावू नयेत. अशा गोंगाटात पावलांचा आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, आणि शेतमालकालाही पुढच्या वेळी परवानगी द्यावीशी वाटत नाही.

पाण्यात उतरण्याविषयी

याबाबत माझे मत कठोर आहे. नवख्यांनी या पाण्यात पोहू नये. कन्हानच्या पात्रात रेतीच्या उपशामुळे खोल खड्डे पडलेले आहेत. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी गेल्याने गोंधळतो. तलावांच्या काठाचा गाळ पाय धरून ठेवतो. शहरातल्या जलतरण तलावात पोहायला शिकलेल्यालाही हा फरक ऐन वेळी समजतो. बोटीत बसायचे असेल तर लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, बांधलेले हवे. पाणी कोठे खोल आहे, हे त्या तलावावर रोज जाळे टाकणाऱ्या ढिवर दादांना विचारावे. रामटेककडे शिंगाड्याच्या वेलींनी झाकलेला भागही तेच दाखवतील आणि तिकडे जाऊ नका असे सांगतील. काठावर झाकण घट्ट लावलेला रिकामा वीस लिटरचा कॅन, त्याला पंधरा मीटर दोर बांधून, कायम ठेवावा. बुडणाऱ्याकडे तो फेकावा, स्वतः उडी मारू नये. ज्या मुक्कामात दारू आहे, त्या मुक्कामातल्या कोणीही पाण्याजवळ जाऊ नये.

निघताना

सकाळी घाईने तंबू गुंडाळू नका. आधी वरचे कापड उलटे करून उन्हात टाका आणि ते सुकेपर्यंत चहा घ्या. घमेल्यातल्या राखेवर पाणी ओतून हात लावून पाहा. ती गार असेल तरच शेतमालकाला विचारून खतात टाका. खुंट्यांची भोके पायाने बुजवा आणि तंबूची जागा ओणवे होऊन एकदा पाहा, कारण टूथपेस्टचे झाकण आणि चॉकलेटचा कागद उभ्याने दिसत नाहीत. घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी तंबू पुन्हा गच्चीवर पसरून तळाच्या शिवणींसह पूर्ण वाळवा. किंचित ओल राहिली तरी पंधरवड्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते कितीही धुतले तरी जात नाहीत.